दोन बोटं माया

शब्दाला पंधरा पैसे मिळायचे तेव्हा
मी सगळ्यांचीच होते.
सकाळी केसगळती, दुपारी माल्टाचा व्हिसा,
रात्री कुणाच्या तरी क्रेडिट कार्डाचे सात फायदे.
अशोक चौकातल्या खोलीत
अम्मा काज-बटणाचा गठ्ठा सोडून बसायची.
ती डझनावर मोजायची, मी शब्दांवर.
तिचा हिशेब तिला तरी कळायचा.

"कशाबद्दल लिहितीस गं?"
सगळ्याबद्दल, म्हटलं.
"सगळं तर मंगळवार बाजारात पण मिळतंय,"
म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला.

मग अक्कलकोट रोडला वीरभद्र हत्तरकींचा
शाळेच्या युनिफॉर्मचा कारखाना.
त्यांना हवं होतं:
उत्तम दर्जा, वाजवी दर, सर्व साइझ उपलब्ध.
दिलं लिहून. कुणी वाचलं नाही.
मीही दुसऱ्यांदा वाचलं नाही.

मे महिना. लाइट गेलेली. तापल्या पत्र्याखाली
इराप्पा मास्तर कडक भाकरी मोडत,
शेंगाचटणीची बोटं लुंगीला पुसून
निळ्या स्कर्टची कड उलटी करून दाखवत होते:
"ही बघ. दोन बोटं माया सोडतो मी.
मालक म्हणतो दीडच सोड, कापड वाचतंय.
पोर काय मालकाला विचारून वाढतंय काय?"

त्या रात्री मी केसगळती सोडली.
माल्टाही.
खोटं कशाला सांगू, पोटात गोळा आला;
महिन्याचे सहा हजार
कच्च्या टाक्यावर लोंबत होते.
मैत्रीण म्हणाली, युनिफॉर्मवर लिही, ठीक आहे,
पण नुसत्या कडेवर?
कड किती दिवस पुरणार?

पहिला लेख: सहामाहीनंतर स्कर्ट लांब कसा करायचा.
वाचणारे अकरा. त्यात चार वेळा मीच.
दुसरा: बाही आखूड झाली, खांदा बसतोय, तर काय.
तिसऱ्याला नऊ.
गड्ड्याचे पाळणे उभे राहिले, उतरले,
मी अजून त्याच दोन बोटांत.

आणि मग धारणीहून एका बापाचा निरोप:
मुलगी उंच झाली. कड उसवली.
जुन्या घडीची पांढरी रेघ काही जात नाही.
वर्गातल्या पोरी चिडवतात.
उपाय असला तर कळवा.

मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले,
मी कापतो, पुढचं बायका बघतात.
म्हणून अम्माला.
तिनं मान वर न करता सांगितलं:
"ओला फडका, त्यात जरासा सिरका, वरनं गरम इस्त्री.
नाहीच गेली, तर रेघेवरनं फीत लाव
आणि पोरीला सांग, फॅशन आहे म्हणून सांग सगळ्यांना."
मी तसंच लिहिलं. एक शब्द सुधारला नाही.

तो लेख चालला.
मी न पाहिलेल्या गावांतून
उसवलेल्या कडांचे फोटो येऊ लागले,
खाकी, मरून, बाटलीहिरवे,
एकात तर मागे मांजर.
प्रत्येकाचा प्रश्न वेगळा, प्रत्येकात एक लेख
आधीच आत दुमडून ठेवलेला.

हत्तरकींनी बोलावलं.
"मी पैसे देतो नवे विकायला,
तू जुने पुरवायला शिकवतीस?"
मी गप्प.
टेबलावर जूनच्या ऑर्डरींचा गठ्ठा,
वरच्या कागदावर कुणा मुख्याध्यापिकेचं पेननं:
माया असलेलेच पाठवावेत.
त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला,
आणि दीड की दोन, यावर भांडायला
मास्तरांकडे निघून गेले.

आता तीन कारखान्यांचं काम आहे.
टॉवेलवरही लिही, म्हणतात. नर्सच्या कोटावर लिही.
बघू. कोटाची कड आधी उलटी करून बघते,
आत काही सोडलंय का.

अम्मानं परवा पुन्हा विचारलं, कशाबद्दल लिहितीस.
मी दोन बोटं दाखवली.
ती तेलुगूत काहीतरी पुटपुटली,
गठ्ठा माझ्याकडं सरकवला.

धारणीच्या त्या बापानं मात्र
रेघ गेली की नाही
ते अजून कळवलेलं नाही.